शेकर हाइट्स

शेकर हाइट्स : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या ओहायओ राज्यातील एक संपन्न उपनगरी शहर. क्षेत्रफळ सु. १६ चौ. किमी.; लोकसंख्या २९,४३९ (२०२०). हे कायहोगा परगण्यात, ईरी सरोवरकाठच्या क्लीव्हलंड शहराच्या मध्यभागापासून पूर्व-आग्नेयीस सु. १३ किमी. अंतरावर, सरोवरकाठच्या सखल पट्टीपेक्षा बऱ्याच उंच अशा पठारी भूमीवर वसले आहे. शहराच्या उत्तर सीमेलगत डोन ब्रुक हा ओढा वाहतो व पुढे क्लीव्हलंडमधून जाऊन ईरी सरोवरास मिळतो. या ओढ्यावर बांध घालून निर्माण केलेली सरोवरे, त्यांभोवतीची वनराई, वळणदार रस्ते, प्रशस्त हिरवळी आणि इंग्लिश व फ्रेंच धर्तीची घरे यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे अमेरिकेतील आदर्श उपनगर म्हणून नावाजले गेले. उत्तरार्धात त्याची ख्याती एका वेगळ्या कारणाने झाली. गौरवर्णीय व कृष्णवर्णीय कुटुंबांनी एकाच वस्तीत स्वेच्छेने आणि दीर्घकाळ शेजारी म्हणून राहावे, यासाठी ज्या थोड्या अमेरिकन शहरांनी योजनापूर्वक प्रयत्न केले, त्यांत शेकर हाइट्सची गणना प्रथम होते. ज्या खरेदीखतांच्या आधारे हे शहर उभे राहिले, त्यांचा एक हेतू अशा शेजाराला प्रतिबंध करणे हाच होता, हे लक्षात घेतल्याशिवाय या शहराच्या इतिहासाचा उलगडा होत नाही.

शहराचे नाव शेकर या ख्रिस्ती पंथावरून पडले आहे. अ‍ॅन ली (१७३६–८४) ही मँचेस्टरची एका लोहाराची कन्या या पंथाची प्रमुख प्रवर्तक. ती १७७४ मध्ये मोजक्या अनुयायांसह अमेरिकेत आली. उपासनेच्या वेळी भावावेशात या पंथीयांची शरीरे थरथरत, म्हणून लोक त्यांस थट्टेने ‘शेकर’ म्हणजे थरथरणारे म्हणू लागले आणि पुढे तेच नाव रूढ झाले. ब्रह्मचर्य, सामाईक मालमत्ता, स्त्रीपुरुषांची समानता, शस्त्रत्याग आणि श्रमास उपासनेचे मोल देणे ही त्यांच्या आचाराची मुख्य सूत्रे होत. अलंकरण वर्ज्य मानणाऱ्या या लोकांनी बनविलेल्या साध्या, सुबक व टिकाऊ लाकडी सामानाची आधुनिक गृहसजावटकारांवर मोठी छाप पडली आहे.

ओहायओच्या या भागात रसेल नावाचे कुटुंब १८१२ मध्ये येऊन स्थायिक झाले होते. त्यांपैकी राल्फ रसेल याने राज्याच्या नैर्ऋत्य भागातील युनियन व्हिलेज या शेकर वसाहतीस १८२१ मध्ये भेट दिली. तेथील जीवनक्रमाने तो इतका भारावून गेला, की परत येताच त्याने आपल्या आप्तांना पंथाकडे वळविले. १८२२ मध्ये ‘नॉर्थ युनियन’ ही वसाहत स्थापन झाली. शेकरांनी डोन ब्रुकवर दोन बांध घातले आणि त्या पाण्याच्या बळावर पिठाची व लाकूडकटाईची गिरणी चालविली. त्यांचे झाडू, भाजीपाल्याची बियाणी, दुधदुभते व लोकरी माल यांस क्लीव्हलंडच्या बाजारपेठेत मागणी असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसाहतीत सु. तीनशे लोक राहत होते आणि सु. ५५० हेक्टर जमीन तिच्या मालकीची होती. आपल्या या खोऱ्यास त्यांनी ‘ईश्वराच्या प्रसन्नतेचे खोरे’ अशा अर्थाचे नाव दिले होते.

ब्रह्मचर्य पाळणाऱ्या पंथाची वाढ केवळ नव्याने येणाऱ्यांवर अवलंबून राहते. अमेरिकन यादवी युद्धानंतर असा ओघ आटला; कारखान्यांतील स्वस्त मालापुढे हातच्या वस्तूंचा टिकाव लागेना आणि वाढत्या शहराचे आकर्षण तरुणांना स्वस्थ बसू देईना. १८८९ मध्ये वसाहत बंद झाली, तेव्हा तेथे तीसहूनही कमी लोक उरले होते व त्यांतील बहुतेक वृद्ध होते. ते पंथाच्या अन्य वसाहतींत निघून गेले. पुढे ही जमीन भूखंडांच्या विक्रीसाठी स्थापन झालेल्या शेकर हाइट्स लँड कंपनीकडे आली. या कंपनीने सरोवरांभोवतीचा निसर्गरम्य भाग क्लीव्हलंड शहरास उद्यानासाठी दिला. मात्र उरलेले भूखंड विकण्यात तिला फारसे यश आले नाही. शेकरांच्या इमारती ओस पडल्या, गिरण्या नामशेष झाल्या. मागे राहिली ती सरोवरे आणि नाव. मालमत्ता सामाईक मानणाऱ्यांचे हे नाव पुढे देशातील अत्यंत महागड्या स्थावर मालमत्तेस चिकटावे, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी क्लीव्हलंड हे पोलाद, खनिज तेल व जहाजबांधणी यांचे भरभराटीचे केंद्र होते. जॉन डी. रॉकफेलरप्रभृती धनिकांचे वाडे यूक्लिड अ‍ॅव्हेन्यू या प्रशस्त मार्गावर होते. परंतु कारखान्यांचा धूर, व्यापारी पेठांचे अतिक्रमण आणि पूर्व व दक्षिण यूरोपातून आलेल्या कामगारांच्या दाट वस्त्या यांमुळे श्रीमंत कुटुंबे पूर्वेकडील उंचवट्याकडे सरकू लागली. ही संधी ऑरिस पॅक्स्टन व्हॅन स्वेरिंजन (१८७९–१९३६) व मँटिस जेम्स व्हॅन स्वेरिंजन (१८८१–१९३५) या दोन भावांनी हेरली. ओहायओतीलच वूस्टर गावाजवळ जन्मलेल्या या भावांचे शिक्षण बेताचे व घरची स्थिती सामान्य होती. दोघेही आजन्म अविवाहित राहिले. एकत्र राहणे, एकत्र काम करणे आणि प्रसिद्धीपासून दूर राहणे, असा त्यांचा क्रम अखेरपर्यंत टिकला. १९०५ च्या सुमारास त्यांनी शेकरांच्या जुन्या जमिनीवरील हक्क थोडेथोडे करून मिळविण्यास आरंभ केला. पैसा बहुधा दुसऱ्याचा असे. एका तुकड्याच्या विक्रीतून दुसऱ्याची किंमत भागवावयाची, ही त्यांची रीत होती. १९१२ मध्ये शेकर हाइट्स हे स्वतंत्र गाव म्हणून अस्तित्वात आले. १९३१ मध्ये त्यास शहराचा दर्जा मिळाला.

नगररचनेच्या दृष्टीने भावांनी घातलेली घडी आजही नजरेस भरते. अमेरिकेतील सर्वसामान्य शहरांप्रमाणे काटकोनी चौकटीत रस्ते न आखता त्यांनी ते जमिनीच्या चढउतारांस धरून वळविले. सरोवरे व मोठी झाडे राखली. प्राथमिक शाळांसाठी मोक्याच्या जागा आरंभीच राखून ठेवल्या, जेणेकरून प्रत्येक शाळा आपल्या वस्तीचे केंद्र बनेल आणि मुलांना वर्दळीचे रस्ते फारसे ओलांडावे लागणार नाहीत. नामांकित खाजगी शाळांनाही त्यांनी जागा देऊ करून आणले. कोणत्या रस्त्यावर किती किंमतीचे घर बांधावयाचे, ते रस्त्यापासून किती अंतर सोडून असावे, त्याची शैली कोणती, विटांचा व छपराचा रंग कोणता, हे सारे ठरलेले होते. घराचा आराखडा वास्तुविशारदानेच केलेला असावा व तो कंपनीने मंजूर करावा, असा दंडक होता. कारखाना, दुकान किंवा मद्यविक्री यांस निवासी भूखंडांवर पूर्ण मज्जाव होता. काही रस्त्यांवर दोन कुटुंबांसाठी जोडघरे बांधण्यास परवानगी होती. परंतु बाहेरून ती एकाच कुटुंबाचे घर वाटावीत, अशीच त्यांची रचना करावी लागे. सधन वस्तीत भाडेकरूचे अस्तित्व असे दाराआड राहावे, हा त्यामागचा संकेत होता. घराघरातील कचरा रस्त्यावर न ठेवता छोट्या वाहनांनी मागील अंगणातून उचलून नेण्याची पद्धतही या शहरात दीर्घकाळ चालत होती.

भूखंड विकले जावयाचे, तर तेथून शहरात जलद पोहोचण्याची सोय हवी. प्रारंभी भावांनी क्लीव्हलंडच्या ट्राममार्गाचा विस्तार आपल्या जमिनीच्या बाजूस करून घेतला आणि त्यासाठी लागणाऱ्या भांडवलावरील व्याज काही वर्षे स्वतः भरण्याची हमी दिली. परंतु जागोजाग थांबत जाणारी ट्राम त्यांच्या ग्राहकांस पुरेशी वाटणारी नव्हती. म्हणून त्यांनी स्वतंत्र मार्गावरून धावणाऱ्या जलद विद्युत् गाडीची योजना आखली. शहराच्या मध्यात शिरण्यासाठी जी जागा आवश्यक होती, ती निकेल प्लेट रेल्वेकडे होती. १९१६ मध्ये भावांनी ही सबंध रेल्वेच सु. ८५ लाख डॉलरना विकत घेतली. त्यातही रोख रकमेचा भाग थोडा आणि कर्जाचा मोठा होता. उपनगरातील भूखंड खपावेत म्हणून बफालोपासून शिकागोपर्यंत धावणारी रेल्वे खरेदी करण्याचे हे उदाहरण भांडवलशाहीच्या इतिहासातही विरळाच. १९२० मध्ये शेकर हाइट्स ते क्लीव्हलंड अशी जलद गाडी सुरू झाली. त्या वर्षी गावाची लोकसंख्या सु. १,६०० होती, १९३० मध्ये ती सु. १७,७०० वर गेली. जलदमार्ग दोन फाट्यांनी शहरात शिरतो, त्या जागी १९२७–२९ दरम्यान शेकर स्क्वेअर ही अष्टकोनी बाजारपेठ बांधण्यात आली. ती नावाने शेकर असली, तरी तिचा समावेश क्लीव्हलंडच्या हद्दीत होतो. दुसऱ्या टोकास, क्लीव्हलंडच्या मध्यवर्ती चौकात, भावांनी नवे रेल्वेस्थानक व त्यावर ५२ मजली टर्मिनल टॉवर ही सु. २१६ मी. उंचीची इमारत उभी केली. तिचे रीतसर उद्‌घाटन १९३० मध्ये झाले. न्यूयॉर्कबाहेर इतकी उंच इमारत त्या वेळी देशात अन्यत्र नव्हती.

भावांचा पुढील उत्कर्ष व ऱ्हास हा या शहराच्या इतिहासाचा भाग कमी व अमेरिकेच्या अर्थकारणाचा अधिक आहे. एका कंपनीच्या भागांवर दुसरी, तिच्या भागांवर तिसरी, अशी कंपन्यांची उतरंड रचून त्यांनी चेसापीक अँड ओहायओ, ईरी, मिसूरी पॅसिफिक इ. अनेक रेल्वेमार्गांवर नियंत्रण मिळविले. १९२९ च्या महामंदीत ही उतरंड ढासळली. १९३५ मध्ये त्यांच्या कंपन्यांच्या भागांचा न्यूयॉर्क येथे लिलाव झाला. त्याच वर्षी धाकटा व पुढील वर्षी थोरला भाऊ मरण पावला. जलदमार्ग डबघाईस आला, तेव्हा १९४४ मध्ये शेकर हाइट्स शहराने तो विकत घेतला आणि १९७५ पर्यंत स्वतः चालविला. त्या वर्षी तो महानगराच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे सोपविण्यात आला. लहानशा उपनगराने तीन दशके आपली रेल्वे स्वतः चालवावी, हे मोटारीच्या त्या ऐन युगात अपवादात्मकच होते.

या नगररचनेची दुसरी बाजू खरेदीखतांत दिसते. भूखंड विकत घेणाऱ्याने पुढे तो विकावयाचा झाल्यास कंपनीची किंवा आजूबाजूच्या बहुसंख्य मालकांची संमती घेतली पाहिजे, अशी अट १९२५ च्या सुमारास त्यांत घालण्यात आली. अटीत कोणत्याही वंशाचा वा धर्माचा उल्लेख नव्हता. तथापि तिचा रोख कोणाकडे होता, हे खरेदी करणारा, विकणारा आणि दलाल या सर्वांस ठाऊक होते. कृष्णवर्णीयांस संमती मिळत नसे. ज्यू व कॅथलिक खरेदीदारांनाही ती सहजासहजी मिळत नसे. त्याच वर्षी एका कृष्णवर्णीय डॉक्टराने येथे घर घेतले, तेव्हा त्याच्या घरावर दगडफेक झाली आणि अखेर त्यास ते सोडून जावे लागले. उघड वंशद्वेषाची भाषा न वापरता सभ्य आणि कायदेशीर शब्दांत बहिष्कार अंमलात आणण्याची ही पद्धत त्या काळच्या अमेरिकन उपनगरांत सर्वत्र प्रचलित होती. शेकर हाइट्सने तीत नेटकेपणाची भर घातली, एवढेच. या काळात शहरात राहणारे बहुतेक कृष्णवर्णीय हे श्रीमंतांच्या घरी कामास असणारे नोकरचाकर होते.

वंशावर आधारित अशा करारांची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात १९४८ मध्ये दिला. त्यानंतरही दलाल, बँका व शेजारी यांच्या संगनमताने पूर्वीचीच स्थिती काही वर्षे टिकली. क्लीव्हलंडमधील कृष्णवर्णीय वस्ती मात्र दक्षिणेतील राज्यांतून आलेल्या लोकांमुळे वेगाने वाढत होती आणि त्यांतील डॉक्टर, वकील, शिक्षक यांसारखे सुस्थित लोक चांगल्या शाळांच्या शोधात पूर्वेकडे वळत होते. लडलो या वस्तीचा काही भाग क्लीव्हलंडच्या हद्दीत, पण शेकर हाइट्सच्या शाळाक्षेत्रात येतो. या वस्तीत १९५५ च्या सुमारास कृष्णवर्णीय कुटुंबे येऊ लागली. जानेवारी १९५६ मध्ये तेथे बांधल्या जात असलेल्या एका कृष्णवर्णीय वकिलाच्या घराच्या मोटारखान्यात बाँबस्फोट घडविण्यात आला.

यापुढे काय घडणार, याचा नमुना अमेरिकेतील शेकडो वस्त्यांनी घालून दिलेला होता. पहिले कृष्णवर्णीय कुटुंब येताच दलाल गौरवर्णीयांस किंमती कोसळण्याची भीती घालीत, त्यांची घरे स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीयांस ती चढ्या भावाने विकीत. अशा रीतीने काही वर्षांत सबंध वस्ती पालटून जाई. लडलोमध्ये हे घडले नाही. स्फोटानंतर दोन्ही वर्णांची काही कुटुंबे एकमेकांच्या घरी जमू लागली. प्रारंभी या बैठकांचा हेतू केवळ परस्परांची ओळख करून घेण्याचा होता. त्यांतून १९५७ मध्ये लडलो कम्यूनिटी असोसिएशन ही संस्था निघाली. दलाल गौर ग्राहकांस या वस्तीत घरे दाखवीनात, तेव्हा संस्थेने स्वतःच घरे दाखविण्याचे काम अंगावर घेतले. बँका कर्ज देण्यास कां कूं करू लागल्या, तेव्हा रहिवाशांनी भांडवल उभारून दुय्यम गहाणावर कर्जे देण्यासाठी एक कंपनी काढली. मोरलंड, लोमंड इ. शेजारच्या वस्त्यांनीही हाच कित्ता गिरविला. १९६७ मध्ये नगरपालिका व शाळामंडळ यांच्या साहाय्याने शेकर हाउसिंग ऑफिस ही कचेरी सुरू झाली आणि रहिवाशांची चळवळ हे शहराचे अधिकृत धोरण बनले. घरविक्रीतील वर्णभेदास देशभर प्रतिबंध करणारा कायदा त्यानंतर एक वर्षाने, १९६८ मध्ये झाला.

या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. तथापि त्यांतील पेच दृष्टीआड करता येत नाही. वस्ती मिश्र ठेवावयाची तर तिच्यात गौरवर्णीयांची भरती करणे भाग होते. त्यामुळे संस्थेचे साहाय्य व कर्जे प्रथमतः गौर कुटुंबांस मिळत आणि वर्षानुवर्षे घरांची दारे बंद असलेल्या कृष्णवर्णीयांस, येथे तुमची संख्या आता पुरेशी झाली, असे अप्रत्यक्षपणे सुचविले जाई. वर्णाचा विचार न करता घर मिळावे, हे ध्येय गाठण्यासाठी पदोपदी वर्णाचाच हिशेब ठेवावा लागला. या धोरणास कृष्णवर्णीय रहिवाशांतूनच आक्षेप घेतला गेला. पुढे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या एका निधीतून दोन्ही बाजूंस कर्जे देण्यात येऊ लागली. ज्या वस्तीत ज्या वर्णाचे लोक कमी, त्या वस्तीत घर घेणाऱ्या त्या वर्णाच्या कुटुंबास मदत, असे त्याचे स्वरूप होते. या दुरुस्तीने अन्यायाची धार बरीच कमी झाली.

शाळांच्या बाबतीतही असाच अनुभव आला. घरांच्या किंमतीनुसार वस्त्या पडल्या असल्यामुळे मोरलंडच्या प्राथमिक शाळेत बहुतेक मुले कृष्णवर्णीय, तर उत्तरेकडील शाळांत बहुतेक गौर, अशी स्थिती होती. १९७० मध्ये शाळामंडळाने मोरलंडच्या मुलांना बसने अन्य शाळांत नेण्याची योजना मांडली. सर्व भार कृष्णवर्णीय मुलांनीच का सोसावा, असा प्रश्न उपस्थित झाला आणि काही गौर पालकांनी आपली मुले मोरलंडला पाठविण्याची तयारी दर्शविली. योजना ऐच्छिक व दुतर्फा झाली. त्याच दशकात बॉस्टनसारख्या शहरांत न्यायालयाच्या आदेशाने मुले अशी हलविली गेली, तेव्हा दंगली उसळल्या होत्या. शेकर हाइट्समध्ये न्यायालयाचा आदेश नव्हता आणि दंगलही झाली नाही. १९८७ मध्ये विद्यार्थिसंख्या घटल्यामुळे लडलो व मोरलंडसह चार प्राथमिक शाळा बंद करण्यात येऊन हद्दींची फेरआखणी झाली, तेव्हा मिश्र शाळांचे तत्त्व सर्वत्र लागू झाले. वस्तीच्या केंद्रस्थानी शाळा ही मूळ कल्पना मात्र त्यामुळे काही वस्त्यांत मोडली.

याच काळात शहराने आपल्या सीमेवर वेगळीच भूमिका घेतली. १९७६ मध्ये क्लीव्हलंडकडून येणाऱ्या काही रस्त्यांवर नगरपालिकेने अडथळे उभारून रहदारी बंद केली. निवासी रस्त्यांवरील वाहनांची गर्दी कमी करणे, हे त्याचे कारण देण्यात आले. सीमेपलीकडे राहणाऱ्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गीयांना त्यात आपल्यासाठी घातलेली भिंतच दिसली. क्लीव्हलंडने दावा लावला; १९८७ मध्ये ओहायओच्या सर्वोच्च न्यायालयाने शेकर हाइट्सच्या बाजूने निकाल दिला. आपल्या हद्दीत समतेचा प्रयोग करणारे शहर हद्दीबाहेरच्यांबाबत तितकेसे उदार नव्हते, या टीकेस या प्रकरणाने आधार मिळाला, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही.

शहराची एकजूट दिसून आली ती सरोवरांच्या रक्षणात. १९६३ मध्ये डोन ब्रुकच्या खोऱ्यातून द्रुतगती महामार्ग नेण्याची योजना जाहीर झाली. तीत सरोवरे व अनेक घरे नष्ट होणार होती. परगण्याचे प्रमुख अभियंते अ‍ॅल्बर्ट पोर्टर हे योजनेचे कट्टर पुरस्कर्ते. सरोवरांची त्यांनी बदकांचे क्षुल्लक डबके म्हणून संभावना केली. विरोधाची धुरा प्रामुख्याने स्त्रियांनी वाहिली. पस्तीस उद्यानमंडळांनी एकत्र येऊन समिती स्थापिली, निवेदने दिली, सभा घेतल्या; महामार्गाच्या नियोजित वाटेवरच १९६६ मध्ये निसर्गशिक्षणाचे केंद्र स्थापन केले. १९७० मध्ये राज्यपाल जेम्स रोड्स यांनी योजना रद्द केली. अमेरिकेतील अनेक गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय वस्त्या याच काळात महामार्गांखाली गाडल्या गेल्या. शेकर हाइट्सच्या स्त्रियांचे कर्तृत्व निःसंशय मोठे होते. परंतु त्यांच्याकडे वेळ, ओळखी व पैसा होता, हेही तितकेच खरे.

१९६० च्या सुमारास, सु. ३६,००० लोकवस्ती असताना, शेकर हाइट्स देशातील अत्यंत श्रीमंत शहरांत मोडत होते. क्लीव्हलंडमधील पोलाद व यंत्रोद्योग मंदावल्यानंतर त्याचाही ऱ्हास होईल, असे भाकीत अनेकांनी केले होते. लोकसंख्या काहीशी घटली, पण शहर टिकून राहिले. २०१० च्या जनगणनेनुसार येथे सु. ५५% गौरवर्णीय व सु. ३७% कृष्णवर्णीय लोक होते. वाढती विषमता ही या काळातील खरी अडचण ठरली. सरोवरांकाठचे प्रासाद व दक्षिणेकडील जोडघरे यांतील अंतर वाढत गेले. २००८ च्या आर्थिक अरिष्टात मोरलंडसारख्या वस्त्यांत गहाण घरांवर मोठ्या प्रमाणावर जप्ती आली व पडीक घरे पाडावी लागली. कारखाने व मोठा व्यापार मुळातच वर्ज्य केल्यामुळे शाळांचा व नगरपालिकेचा खर्च बव्हंशी घरमालकांच्या करांतून भागवावा लागतो. परिणामी येथील मालमत्ता-कर ओहायओतील अत्युच्च करांपैकी आहे. व्हॅन स्वेरिंजन बंधूंनी आखलेल्या निर्बंधांची ही किंमत त्यांच्यानंतरच्या पिढ्या देत आहेत. शहराच्या आग्नेय भागातील व्हॅन अ‍ॅकन डिस्ट्रिक्ट हे जलदमार्गाच्या शेवटच्या स्थानकाजवळचे दुकाने, कचेऱ्या व सदनिका यांचे नवे संकुल २०१८ मध्ये खुले झाले. करांचा भार वाटला जावा, हा त्यामागील एक उद्देश होता.

शाळांची इमारत एक झाली, तरी वर्गखोल्या वेगळ्याच राहिल्या. गुणवत्तेनुसार पाडलेल्या वरच्या तुकड्यांत गौर व खालच्या तुकड्यांत कृष्णवर्णीय मुले अधिक, हे चित्र अनेक दशके कायम होते. विद्यार्थ्यांनी या संदर्भात आपणहून काही उपक्रम सुरू केले. वंशसंबंधांविषयी लहान मुलांशी बोलणारा मोठ्या विद्यार्थ्यांचा गट १९८३ पासून, तर कृष्णवर्णीय मुलांस अभ्यासात पुढे आणणारा गट १९९० पासून कार्यरत आहे. नायजेरियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ जॉन ओग्बू यांनी कृष्णवर्णीय पालकांच्या निमंत्रणावरून येथील शाळांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुखवस्तू घरांतील कृष्णवर्णीय मुलेही अभ्यासात मागे का पडतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी शाळेच्या वागणुकीबरोबरच समाजाच्या स्वतःच्या वृत्तीतही शोधले. हा निष्कर्ष अनेक विद्वानांस मान्य झाला नाही. शिक्षकांच्या अपेक्षा व तुकड्यांची व्यवस्था यांस त्यांनी दिले त्याहून अधिक महत्त्व द्यावयास हवे होते, हा आक्षेप रास्त वाटतो. २०२० मध्ये शाळामंडळाने नववीपर्यंतच्या बऱ्याच विषयांतील वेगळ्या तुकड्या रद्द केल्या. त्यावर पालकांत तीव्र मतभेद झाले. येथेच वाढलेल्या पत्रकार लॉरा मेकलर यांच्या ड्रीम टाउन (२०२३) या ग्रंथात हा सारा प्रवास साक्षेपाने नोंदविला आहे.

चित्रपट अभिनेते पॉल न्यूमन यांचे बालपण येथे गेले. १९४३ मध्ये ते येथील माध्यमिक शाळेतून उत्तीर्ण झाले. चिनी वंशाच्या अमेरिकन कादंबरीकार सेलेस्ट इंग याही याच शाळेच्या विद्यार्थिनी. त्यांच्या लिटल फायर्स एव्हरीव्हेअर (२०१७) या कादंबरीचे कथानक शेकर हाइट्समध्येच घडते. १९९० नंतरच्या दशकातील या शहराच्या शिस्तप्रिय सज्जनतेचे त्यात मार्मिक चित्रण आढळते. तीवरून २०२० मध्ये दूरचित्रवाणी मालिका निघाली.

शेकर पंथीयांची लाकडी उपकरणे व कागदपत्रे १९४७ मध्ये स्थापन झालेल्या शेकर हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहालयात पाहावयास मिळतात. व्हॅन स्वेरिंजनकालीन जुन्या वस्तीची १९८४ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत नोंद झाली. शेकरांनी बांधलेल्या दोन सरोवरांपैकी वरचे, घोड्याच्या नालेच्या आकाराचे हॉर्सशू सरोवर बांध धोकादायक ठरल्यामुळे २०१९ मध्ये रिकामे करण्यात आले. २०२१ मध्ये प्रादेशिक जलनिस्सारण मंडळाने बांध पुन्हा न उभारता तो काढून टाकावा व ओढा मूळच्या प्रवाहात मोकळा करावा, अशी योजना मांडली. महामार्गापासून वाचविलेले सरोवर असे गमावण्यास अनेक रहिवाशांनी विरोध केला. जमीन क्लीव्हलंडच्या मालकीची व भाडेपट्टा शेकर हाइट्स आणि क्लीव्हलंड हाइट्स या दोन उपनगरांकडे, यामुळे वाद अधिकच गुंतागुंतीचा झाला. तो चालू असतानाच सरोवराच्या कोरड्या तळावर गवत व झुडपे माजली आणि ओढ्याने त्यांतून आपली वाट काढली.